रविवार मंडळीचं पोस्टर

५ नोव्हेंबर

प्रिय बटू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते तसंच बाजूला टाकलं नसशील, असं धरून लिहिते. ऑफिसचा पत्ता तुझ्या बायकोकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिला भरीस पाडलं.

बाबा गेले त्या आठवड्यात, घर माणसांनी भरलेलं असताना, मी जे बोलले त्याबद्दल हे पत्र नाही. ते राहू दे. एक काम आहे म्हणून लिहिते.

इथे एक बँड आहे, 'रविवार मंडळी'. सहा जण. आमचे पोस्टमास्तर ट्रम्पेट वाजवतात आणि तेच म्होरके. दवाखान्यातल्या सिस्टर गातात. बस डेपोतला मेकॅनिक ड्रमवर असतो. दोघं भाऊ गिटार वाजवतात, आणि शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई कीबोर्डवर. दर रविवारी पोस्टाच्या टपाल निवडायच्या खोलीत त्यांची तालीम चालते, कारण त्या दिवशी ती रिकामी असते आणि किल्ली मास्तरांकडेच असते.

वर्षअखेरच्या सुट्टीत, एकोणतीस डिसेंबरला, सभागृहात त्यांचा कार्यक्रम आहे. तीनशे खुर्च्या. गेल्या वर्षी साठ माणसं आली, त्यातली निम्मी घरची. या वेळी निम्मं सभागृह तरी भरलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून ही तारीख मिळणार नाही, असं सभागृहाच्या कमिटीने स्पष्ट सांगितलंय. तिकिटं छापायला मास्तर आमच्या प्रेसमध्ये आले होते. मला म्हणाले, "ताई, तुमचा भाऊ एवढा मोठा आर्टिस्ट. आम्हाला एक पोस्टर करून देईल का?"

मी म्हणाले, विचारते. तर विचारलं. दोनच रंग आहेत, आकार नेहमीचा मोठा. नाही म्हणायचं असेल तरी चालेल, पण म्हण.

माझं बरं चाललंय. प्रेसमध्ये तेहतिसावं वर्ष. अजूनही लोकांची जाहिरात सरळ लावणं आणि छपाईची प्लेट काढणं हेच.

तुझी,
ताई


१८ नोव्हेंबर

प्रिय बटू,

उत्तर नाही. कामात असशील. आठवण म्हणून लिहिते, टोचायला नाही.

मास्तर दोनदा विचारून गेले. पहिल्यांदा म्हणाले, "पत्र पोचलं असेल ना?" स्वतः पोस्टमास्तर, आणि मला विचारतायत. मी म्हणाले, "काम चालू आहे त्याचं." हे खोटं आहे हे मला माहीत आहे. तुझ्याबद्दल कोणी काही बोलू नये म्हणून बोलले, असं समज.

तुला बँडची थोडी कल्पना यावी म्हणून काल तालमीला जाऊन बसले. ती खोली मला फार आवडली. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर एकेका रस्त्याचं नाव, मधे सिमेंटची गुळगुळीत जमीन. माझी खुर्ची त्यांनी टेबलाच्या मागे ठेवली होती. टेबलावर टपालाच्या पिशव्यांचा ढीग, त्यामुळे कोणाची तोंडं दिसेनात. दिसत होते फक्त पाय.

बटू, ते पाय तू बघायला हवे होतेस. मास्तरांचे बूट आरशासारखे, आणि ते फक्त उजवा अंगठा बुटाच्या आत हलवतात, वरचं चामडं तेवढं उचलतं. मेकॅनिकच्या चपलांना ऑइलचे डाग, तो टाचा आपटतो. सिस्टर ड्यूटीवरून तशाच येतात, पांढरे बूट, डाव्याची लेस कायम सुटलेली. गणिताच्या बाई चपला काढून ठेवतात आणि एक पाय दुसऱ्यावर ठेवून मोजतात. ते दोघे भाऊ एकमेकांशी दोन वर्षं धड बोलत नाहीत म्हणे, घराच्या वाटणीवरून. पण त्यांचे पाय एकाच क्षणी उठतात आणि एकाच क्षणी पडतात. मी तासभर बघत होते, एकदाही चूक नाही.

प्रेसमधल्या रद्दी कागदांच्या पाठीवर थोडं रेखाटून ठेवलंय. तुला उपयोगी पडावं म्हणून. पाठवू का, कळव.

तुझी,
ताई


१ डिसेंबर

प्रिय बटू,

आता खरं काय ते सांगते. सांगितलं नाही तर रात्रंदिवस तेच डोक्यात फिरत राहील.

ती रेखाटनं तुझ्यासाठी नव्हती. पहिल्या कागदापासून मला माहीत होतं. आठवडाभर प्रेसमधून घरी आले की स्वयंपाक उरकायचा आणि टेबल पुसून बसायचं. सहा खुर्च्यांचे पाय, सहा माणसांचे पाय, गुडघ्याच्या वर काहीच नाही. वरच्या रिकाम्या जागेत मोठ्या अक्षरात 'रविवार मंडळी'. अक्षरंही हाताने काढली, संगणकातली नाहीत. 'र' सात वेळा खोडला. सातव्या वेळी तो असा उभा राहिला की मी खुर्ची मागे सारून लांबून बघितला आणि स्वतःशीच हसले. बावन्न वर्षांची बाई एका 'र'कडे बघून हसतेय.

मग गेल्या रविवारी ते तालमीला नेलं, आणि म्हणाले, "भावाने पाठवलंय."

तोंडातून निघून गेलं असं लिहिणार होते. तसं नाही. आदल्या दिवशीच ठरवलं होतं. खालच्या कोपऱ्यात तुझी ती तिरकी सहीही मीच ठोकली. शाळेत असताना तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करून द्यायचे, तेव्हापासून हात तयार आहे.

सगळे गोळा झाले. मग मेकॅनिक म्हणाला, "ह्या माझ्याच चपला." मास्तर म्हणाले, "मोठा कलाकार तो मोठाच. न बघता माणूस ओळखला." गणिताच्या बाईंनी चष्मा काढून जवळ जाऊन पाहिलं. ते दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहून बघत होते, आणि धाकटा हळूच म्हणाला, "आपण असे बसतो?" थोरला म्हणाला, "असेच बसतो." दोन वर्षांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं असावं, असं बाई मला नंतर म्हणाल्या.

फक्त सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "माझी डाव्या बुटाची लेस सुटलेली असते, हे त्यांना कसं कळलं?"

"मी फोटो पाठवला होता," मी म्हणाले.

एवढं कौतुक मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते सगळं तुझ्या खात्यात गेलं. घरी येईपर्यंत आनंदात होते. कुलूप उघडताना तो आनंद गेला. कारण हे असंच आधी एकदा झालेलं आहे, आणि तेव्हाही मी आपण होऊनच दिलं होतं.

तुझ्या कॉलेजच्या प्रवेशाची फाइल. चौदा चित्रं मागितली होती, तुझी अकरा झाली होती. तू मला विचारलंस, "ताई, तीन देतेस का?" मी दिली. सायकल दुरुस्त करणारा माणूस, शिलाई मशीनवरचे आईचे हात, आणि पाण्याची टाकी. तू चोरली नाहीस. मागितलीस, आणि मी दिली. मला प्रेसमध्ये लागून दोन वर्षं झाली होती, मला त्यांचा काय उपयोग होता? पुढे तू म्हणालास, ताईची होती असं सांगू का सगळ्यांना, तर मीच म्हणाले, गप बस.

आणि बाबा गेले तेव्हा जो तो येऊन म्हणत होता, घरातली सगळी कला पोराच्या हातात उतरली. दहा माणसं म्हणाली तोवर ऐकलं. अकराव्याला मी सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याची फाइल माझी होती. माझ्या चित्रांवर मोठा झालाय तो." तू तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होतास. तांब्या खाली ठेवलास, बॅग उचललीस आणि गेलास.

फाइल माझी नव्हती. तीन चित्रं माझी होती. अकरा तुझी होती, आणि ती माझ्या तिन्हींपेक्षा चांगली होती, हे तेव्हाही मला दिसत होतं. मी खोटं बोलले. चुकले. चार वर्षं हे वाक्य लिहायला बसत होते.

आता या पोस्टरवर तुझी सही आहे. बुधवारी प्लेट काढायची ती पुढच्या आठवड्यावर ढकलली आहे. काय करू ते तुला विचारत नाही. मलाच ठरवायचं आहे.

तुझी,
ताई


११ डिसेंबर

प्रिय बटू,

तुझी पुठ्ठ्याची नळी परवा पोचली. शिक्का तीस नोव्हेंबरचा, म्हणजे माझं मागचं पत्र तुला मिळायच्या आधीच तू ती पाठवली होतीस. माफी मागायच्या आधीच. आत पोस्टर आणि चिठ्ठी. "ताई, बदल असतील तर कळव." चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजूनही 'ळ' उलटाच काढतोस.

नळी मास्तर स्वतः घेऊन आले, प्रेसच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "ताई, हे आज आलं. मग आधीचं कोणत्या पोस्टाने आलं होतं?"

मी हातातली प्लेट खाली ठेवली. म्हणाले, "संध्याकाळी सगळ्यांना बोलवा. सांगते."

सहा वाजता पोस्ट बंद झाल्यावर सगळे त्या खोलीत जमले. मी दोन्ही पोस्टरं खणांवर शेजारी शेजारी टाचली. तुझं खरंच देखणं आहे. सोनेरी ट्रम्पेट, त्यातून उसळणारी रंगांची लाट, वर तारे. बघितल्यावर ऊर भरून आला, माझा धाकटा भाऊ आहे म्हणून. मग मी माझ्या पोस्टरवरची तुझी सही त्यांच्यासमोर ब्लेडने खरवडली आणि म्हणाले, "हे माझं आहे. ते त्याचं आहे. मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले."

मेकॅनिकने तुझं पोस्टर निरखून विचारलं, "ह्यात व्हायोलिन आहे. आपल्यात व्हायोलिन कोण वाजवतं?"

सिस्टर म्हणाल्या, "ते नंतर. ताई, आमच्याशी खोटं का बोललात?"

"माझं म्हटलं असतं तर तुम्ही नीट बघितलंच नसतं, असं वाटलं."

"बघितलं असतं की नसतं, ते कळायची संधीच तुम्ही दिली नाहीत."

मी म्हणाले, "बरोबर आहे. मग आता बघा."

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "ताई, राग मानू नका. तुमचं चांगलंच आहे. पण त्यांचं नाव मोठं आहे. खाली त्यांचं नाव दिसलं तर वर्तमानपत्रवाले येतील, चार लोक कुतूहलाने येतील. आम्हाला निम्मं सभागृह भरायचंय. हा शेवटचा डाव आहे आमचा."

आयुष्यभर अशा वेळी मी काय केलं असतं, तुला माहीत आहे. "बरं, तुम्ही म्हणता तसं" म्हणून चहा करायला उठले असते. त्या दिवशी उठले नाही. म्हणाले, "मास्तर, हे रंग आपल्या मशीनवर निघणार नाहीत. दोन रंगांत छापलं तर ह्याचा चिखल होईल आणि माझ्या भावाचं नाव खराब होईल, ते मी होऊ देणार नाही. दुसरं, तेहतीस वर्षं मी या शहरातल्या भिंतींवर लागणारा कागद छापतेय. चालत्या बसमधून काय वाचता येतं आणि काय नाही, हे मला झोपेत विचारा. तिसरं, तुम्ही चांगलं वाजवता हे कुठल्याच पोस्टरवरून कळत नाही. तुम्ही कोण आहात हे कळू शकतं. सिस्टरांच्या हातून अर्ध्या शहराने इंजेक्शनं घेतलीत. मास्तरांच्या खिडकीशी सगळे उभे राहिलेत. लोक ओळखीच्या माणसांना ऐकायला येतात."

"आणि नाही आले तर?" मास्तर म्हणाले.

"तर खाली माझं नाव असेल. मला विचारा."

हात वर करून ठरवलं. चार माझ्या बाजूने, दोन तुझ्या. मास्तर तुझ्या बाजूला, आणि आश्चर्य म्हणजे गणिताच्या बाईसुद्धा. सिस्टरांचा हात माझ्या बाजूने वर होता, पण चेहरा नव्हता. जाताना एवढंच म्हणाल्या, "पोस्टर चांगलं आहे म्हणून. बाकीचं विसरायला वेळ लागेल."

काल प्लेट काढली. उजव्या कोपऱ्यात माझं पूर्ण नाव, आडनावासकट, काजूएवढ्या अक्षरात. मशीनमन म्हणाला, "जरा मोठं करू का?" म्हणाले, "नको, पुरेसं आहे." मग म्हणाले, "बरं, थोडं कर."

आज सकाळी दहा वाजता मी माझ्या पहिल्या पोस्टरचा पहिला कागद उचलला. शाई ओली होती, बोटाला लागली. पुसली नाही.

तुझ्या पोस्टरबद्दल: ट्रम्पेटला तू बोटांनी दाबायचे चार खटके काढलेस, तीन असतात. मास्तरांच्या ट्रम्पेटवर मी मोजले. बाकी एकही बदल नाही. ते माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावलंय.

तुझी,
ताई


३० डिसेंबर

प्रिय बटू,

दोनशे बारा.

मेकॅनिकच्या बायकोने दारात उभं राहून मोजले. कडेवरची बाळं धरली नाहीत. वर्तमानपत्रवाले आले नाहीत. मागच्या तीन-चार रांगा रिकाम्या होत्या. पण कमिटीचे अध्यक्ष मास्तरांजवळ येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेवतो." मास्तरांनी त्यांचा हात इतका वेळ धरून ठेवला की अध्यक्षांनाच अवघडल्यासारखं झालं.

आधीच्या दोन आठवड्यांत एक गंमत झाली. मास्तर हरले होते, पण खळीचा डबा घेऊन सगळ्यांत जास्त पोस्टरं त्यांनीच चिकटवली. दीडशे लावली. चार दिवसांनी फेरी मारली तर चाळीसेक गायब. मास्तर खवळले, कोणीतरी मुद्दाम फाडतंय म्हणाले, तक्रार द्यायला निघाले. मग एक सापडलं चष्म्याच्या दुकानात, काउंटरच्या मागे, काचेत बसवलेलं. एक सहा नंबरच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर. दोन दवाखान्यातल्या परिचारिकांच्या खोलीत. फाडली नव्हती बटू, कडा ओल्या करून अलगद सोडवून नेली होती. चाळीस घरांत, दुकानांत माझं चित्र लागलंय. प्रेसमध्ये येऊन लोक विचारतात, "एखादं उरलंय का?" मालक, जे तेहतीस वर्षांत माझ्याशी "बाई, घाई करा" यापलीकडे एक वाक्य बोलले नाहीत, ते गिऱ्हाईकाला म्हणाले, "आमच्या इथल्याच बाईंनी काढलंय." आमच्या इथल्याच. मी मान खाली घालून कागद कापत राहिले, पण सुरी जरा ऐटीत चालत होती.

कार्यक्रम चांगला झाला. दुसऱ्या गाण्याच्या आधी सिस्टर माइकपाशी आल्या तर पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "लेस सुटलीय." सगळं सभागृह हसलं. सिस्टर खाली बघून हसल्या, आणि तशीच सुटी ठेवून गायल्या. नंतर मला पडद्यामागे बोलावून म्हणाल्या, "चला, झालं विसरून." मला रडू आलं, म्हणून मी खुर्च्या उचलायला लागले.

आता एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. बाबांचे मित्र, ते ओव्हरसियर काका, आले होते. काठी टेकत पोस्टरपाशी उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "तुझंच असणार. भावाची अख्खी फाइल तूच काढली होतीस की." आजूबाजूला सात-आठ जण, त्यातले निम्मे बाबा गेले तेव्हा घरी आलेले.

मी म्हणाले, "नाही काका. चौदातली तीन माझी होती, तीही मी हौसेने दिलेली. अकरा त्याची. त्या दिवशी मी रागाने खोटं बोलले. तो त्याच्या स्वतःच्या हाताने मोठा झालाय."

काका काठीने पोस्टर दाखवून म्हणाले, "मग हे?"

"हे पूर्ण माझं," मी म्हणाले.

दोन्ही वाक्यं बोलताना आवाज सारखाच राहिला. एवढंच तुला कळवायचं होतं. सोबत पोस्टर पाठवतेय, न चिकटवलेलं, कोरं. घडी घातलेली नाही. तूही घालू नकोस.

तुझी,
ताई


१६ जानेवारी

प्रिय बटू,

तुझं पत्र काल आलं. मास्तरांनी खिडकीतून न देता बाहेर येऊन हातात दिलं, आणि मी वाचत असताना शिक्के पुसायच्या निमित्ताने तिथेच घोटाळले.

तू मागच्या कशाबद्दल काही लिहिलं नाहीस. तीन वेळा वाचलं, नाहीच. "काकांचं कळलं" एवढे दोन शब्द, आणि मग थेट कामाचं. पुढचं सगळं पान नुसते प्रश्न. कागद कोणता, अक्षरांना ब्रश कोणता वापरलास, आणि छपाई दोन रंगांत असताना पावलांखाली तो तपकिरी कुठून आला. लिहिलंयस, "ऑफिसात चार जणांना दाखवलं, कोणालाच सांगता आलं नाही. ताई, कसा काढलास?"

तेहतीस वर्षांत मला हे कोणी विचारलेलं नाही. म्हणून सविस्तर सांगते.

कागद साधाच, पण खरखरीत बाजू वर घेतली. ब्रश कुठला, आईच्या शिवणाच्या डब्यातली सपाट पट्टी आणि तिला गुंडाळलेली चिंधी, कडा त्यामुळे जिवंत राहते. आणि तपकिरी काढलेला नाही. जमीन नारिंगी, खुर्च्या आणि सावल्या निळ्या. साधारणपणे निळा जिथे येणार तिथला नारिंगी आपण प्लेटवरून काढून टाकतो, म्हणजे रंग एकमेकांत जात नाहीत. मी तो काढला नाही. आधी नारिंगी छापला, दीड दिवस वाळू दिला, मग त्याच्यावर निळा चढवला. जिथे दोन्ही आले तिथे तो आपोआप झाला. शाई किती पातळ ठेवायची यावर सगळं आहे. जाड झाली की काळा होतो, फार पातळ केली की घाण दिसतो. मशीनमन नको म्हणत होता. मी एकवीस कागद वाया घालवले. बाविसावा तुला पाठवलाय.

हे लिहून नीट कळणार नाही. शाईचा चमचा हातात धरल्याशिवाय अंदाज येत नाही. तू ये, मशीनवर दाखवते. सोमवारी मशीन बंद असतं, तेवढा वार सोडून ये.

तुझी,
ताई